मॅचसाठी एअर पिस्तूल निवडताना: आधी हात, मग ट्रिगर, शेवटी कंपनी

कोल्हापूरच्या एका छोट्या रेंजवर मी मुलांना 10 मीटर एअर पिस्तूल शिकवतो. जिल्हा स्पर्धा संपली आणि एखाद्या मुलाला बरे गुण पडले, की दुसऱ्याच दिवशी त्याचे आईवडील येऊन विचारतात, "सर, आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. स्टेअर घेऊ की मोरिनी?" स्टेअर आणि मोरिनी या पिस्तुलाच्या कंपन्या. लाखाच्या पुढची वस्तू, त्यासाठी कुणी सोनं मोडतं, कुणी शेताच्या पैशातून घेतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायला माझं मन धजत नाही. मी त्यांना जे तासभर समजावून सांगतो, ते इथे नीट लिहून ठेवतो आहे.

सगळ्यात आधी थोडं गणित, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

10 मीटर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. पुढची प्रत्येक रिंग 8 मिलिमीटरने बाहेर. पिस्तुलाची रिअरसाईट (मागची, खाच असलेली) आणि फोरसाईट (पुढचा उभा तुकडा) यांतलं अंतर साधारण सव्वातीनशे मिलिमीटर असतं, म्हणजे टार्गेट त्या अंतराच्या जवळपास तीसपट लांब. आता फोरसाईट खाचेत पाव मिलिमीटर जरी डावीकडे सरकली, तरी छर्रा टार्गेटवर सुमारे 8 मिलिमीटर डावीकडे जाणार. म्हणजे एक पूर्ण रिंग गेली! उलट साईट अगदी जुळलेली आहे, पण अख्खा हात पाच मिलिमीटर हलतो आहे, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो आणि बहुतेक वेळा दहाच लागतो, कारण 4.5 मिलिमीटरचा छर्रा रिंगच्या रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो.

यातून एक गोष्ट पक्की होते. हाताची हालचाल सोसते, मनगटाचा तिरपेपणा सोसत नाही. चांगल्या कंपन्यांची मॅच पिस्तुलं शिकंज्यात धरून मारली, तर दहाच्या रिंगच्या आत एकच फाटकं भोक पाडतात. अचूकतेत त्यांच्यात निवडण्यासारखं फार कमी आहे. फरक पडतो तो पिस्तूल तुमच्या हातात प्रत्येक वेळी त्याच जागी बसतं का आणि ट्रिगर ओढताना ते तिरपं होतं का, यानेच. तुलना करायची ती याच दोन गोष्टींची.

आधी नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तुलाचं वजन 1500 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, ट्रिगरचा दाब 500 ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही आणि पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं. साईट उघडी हवी, भिंग चालत नाही. एका वेळी एकच छर्रा भरायचा. ग्रिपने (हातात धरायच्या मुठीने) मनगटाला कुठेही आधार देता कामा नये, आणि तळव्याखालची फळी ग्रिपशी 90 अंशांपेक्षा लहान कोन करता कामा नये. मुख्य फेरीत 75 मिनिटांत 60 छर्रे, त्याआधी 15 मिनिटं तयारी आणि सायटर (गुण न धरले जाणारे सरावाचे छर्रे). हे आकडे तोंडपाठ असू द्या, कारण जुन्या पिस्तुलावर कुणी घरी ग्रिप वाढवून घेतलेली असते आणि ते इक्विपमेंट कंट्रोलच्या (साहित्य तपासणीच्या) टेबलावर अडतं.

कायद्याचं थोडक्यात: 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे .177 बोअरची आणि 20 जूलच्या आतली एअर गन परवान्याशिवाय घेता येते. मॅच पिस्तुलाची ताकद याच्या निम्म्याहूनही कमी असते. तरी खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करा, ओळखपत्र द्या, पिस्तुलाचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि त्याची एक प्रत कायम पेटीत ठेवा. एसटीने किंवा रेल्वेने स्पर्धेला जाताना ती लागते.

पहिली पायरी: घाई न करणं

क्लबच्या पिस्तुलावर निदान सहा महिने काढा. मुलाचा हात वाढतो आहे, होल्ड (पिस्तूल नेमावर स्थिर धरणं) अजून बसलेला नाही, ट्रिगरवर बोट कुठे ठेवायचं हेही पक्कं नाही. अशा वेळी घेतलेलं पिस्तूल दोन वर्षांत लहान किंवा जड वाटू लागतं. साठ छर्र्यांच्या सरावात शेवटच्या वीस छर्र्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) पहिल्या वीसच्या जवळपास येऊ लागला, की मी खरेदीबद्दल बोलायला बसतो.

दुसरी पायरी: ग्रिप

ग्रिपवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

अक्रोडाच्या लाकडाच्या या ग्रिप एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळ्या मिळतात. मापं कंपनीनुसार थोडी बदलतात, म्हणून एका पिस्तुलावर मीडियम बसली तर दुसऱ्यावरही बसेलच असं नाही. दुकानात विचारून ठरवू नका, हातात घ्या.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याची खूण) असू द्या आणि तोंड सुरक्षित दिशेला. आता डाव्या हाताने बॅरलखाली धरून उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या गळ्याशी घट्ट बसवा, जितकी वर जाईल तितकी वर. मग बोटं गुंडाळा आणि शेवटी तळव्याखालची फळी वर आणून आवळा. फळी इतकीच वर हवी की हात दाबला जाईल, पण बोटं सुन्न होणार नाहीत.

आता खरी परीक्षा. टार्गेटकडे तोंड करून उभे राहा, हात उचला, होल्ड घ्या आणि डोळे मिटा. दोन श्वास घ्या. डोळे उघडा. फोरसाईट खाचेच्या मध्यभागी आहे का? डावीकडे गेली असेल तर ग्रिप हातात तशी फिरते आहे. वर आली असेल तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाला मानवत नाही. हे दहा वेळा करा, दर वेळी पिस्तूल टेबलावर ठेवून पुन्हा धरा आणि वहीत लिहा: मध्य, डावी, उजवी, वर, खाली. दहापैकी सात-आठ वेळा साईट आपोआप मध्यात आली, तर ते पिस्तूल तुमच्या हाताचं आहे. चूक दर वेळी एकाच बाजूला येत असेल, तर घाबरू नका. बहुतेक नव्या पिस्तुलांत ग्रिप थोडी फिरवता, झुकवता येते आणि लाकूड घासताही येतं. चूक कधी इकडे, कधी तिकडे येत असेल, तर मापच चुकलं आहे.

आणखी एक बघा. तर्जनी ट्रिगरवर ठेवल्यावर पहिल्या पेराचा मधला भाग त्यावर यायला हवा आणि बोटाची बाकीची लांबी लाकडाला किंवा धातूला कुठेही लागता कामा नये. लागली, की ओढताना पिस्तूल ढकललं जातं आणि छर्रा बाजूला जातो. लहान हातांच्या मुलींमध्ये मी हे फार पाहतो. ट्रिगरची पाती (बोट टेकतं तो भाग) मागे घेऊन हे बऱ्याचदा सुटतं, पण ती पुरेशी मागे येते का हे घेण्याआधीच बघा.

तिसरी पायरी: वजन आणि तोल

बहुतेक मॅच पिस्तुलं 900 ते 1000 ग्रॅमच्या आसपास असतात. हामरली एपी 20 त्याहून हलकं आहे, म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आणि पहिल्या पिस्तुलासाठी मी ते मोकळेपणाने सुचवतो. पण काट्यावरच्या वजनापेक्षा ते वजन कुठे आहे, हे महत्त्वाचं. पुढे जड असलेलं पिस्तूल होल्डमध्ये संथ राहतं, पण चाळिसाव्या छर्र्यानंतर खांदा भरून येतो. हाताजवळ वजन असलेलं चपळ वाटतं, पण नवख्याच्या हातात थरथरतं.

दुकानातल्या दोन मिनिटांत हे कळत नाही. मी मुलाला पिस्तूल उचलून 20 सेकंद होल्ड करायला लावतो, 40 सेकंद विश्रांती, असं पंधरा वेळा. पंधराव्या वेळी फोरसाईटची हालचाल किती वाढली ते बघायचं. वजनाचे तुकडे जोडायची सोय जवळपास सगळ्या चांगल्या पिस्तुलांना असते. तेव्हा शंका असेल तर हलकं घ्या आणि पुढे वाढवत जा, कारण जडाचं हलकं करणं कठीण.

चौथी पायरी: ट्रिगर

मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मऊ आणि लांब, मग एक स्पष्ट भिंत, मग सुटका. तुलना करताना त्या भिंतीकडे लक्ष द्या. भिंत दर वेळी त्याच जागी लागते का? तिथून पुढे घसरल्यासारखं न होता एकदम सुटतं का? सुटल्यावर पाती पुढे किती पळते? डोळे मिटून ड्राय फायरचे (छर्रा न भरता) वीस ट्रिगर ओढा. प्रत्येक पिस्तुलात ड्राय फायरची सोय वेगळी असते, ती विक्रेत्याकडून करून घ्या.

दाब 500 ग्रॅमवर काटेकोर ठेवू नका. मी 510 ते 520 ठेवतो. तपासणीत ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात; ते उचललं गेलं नाही तर मोजके प्रयत्न मिळतात, आणि मॅचनंतरच्या अचानक तपासणीत दाब कमी भरला तर सगळे गुण जातात.

आता मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक? मोरिनीच्या 162 मध्ये दोन्ही प्रकार आहेत, स्टेअर आणि वाल्थरही दोन्ही देतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची सुटका फार स्वच्छ असते आणि ड्राय फायर सोपा. पण त्यात बॅटरी आहे, सर्किट आहे, आणि ते बिघडलं तर गावातला गनस्मिथ हात लावू शकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकेरच्या पिस्तुलात मुख्य फेरीच्या मध्येच बिघाड झाला. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली, अंतिम फेरी अगदी थोडक्यात हुकली. त्याच मुलीने 2024 मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्य मिळवलं. पहिल्या पिस्तुलासाठी माझं मत स्पष्ट आहे: मेकॅनिकल घ्या. तुमच्या शहरात दुरुस्तीची सोय असेल आणि क्लबमध्ये मॅचला सोबत नेता येईल असं दुसरं पिस्तूल असेल, तेव्हा इलेक्ट्रॉनिकचा विचार करा.

पाचवी पायरी: छर्रे मारून बघणं

इथपर्यंत तीन-चार पिस्तुलांतून दोनच उरलेली असतात. आता ती रेंजवर आणा. दुकानदार देत नसेल, तर ज्यांच्याकडे तीच पिस्तुलं आहेत अशा नेमबाजांना विनंती करा. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर, आमच्याकडे कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर, सरावाच्या वेळी गेलात तर निरनिराळी पिस्तुलं एकाच रांगेत दिसतात. नेमबाज माणसं मनाने मोकळी असतात, विचारलं तर दहा छर्रे मारू देतात.

चाचणी अशी करा. एका दिवशी आधी पहिल्या पिस्तुलावर 20 छर्रे, मग दुसऱ्यावर 40, मग पुन्हा पहिल्यावर 20. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. यामुळे थकव्याचा दोष एकाच पिस्तुलावर येत नाही. दोन्हींत त्याच डब्यातले छर्रे वापरा. ट्रिगर 510 ग्रॅमवर आणि साईटची खाच डोळ्याला सारखी दिसेल अशी लावून घ्या. फोरसाईटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी सारखी दिसायला हवी, आणि ती पट्टी फोरसाईटच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास असली तर डोळा लवकर थकत नाही.

गुण लिहाच, पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना ठेवा: मुलाने छर्रा सुटल्यावर, मॉनिटर बघण्याआधी, "नऊ, दोन वाजता" (नऊचा गुण, घड्याळात दोन असतात त्या दिशेला) असं सांगितलं ते बरोबर निघालं का? हे मला गुणांपेक्षा मोलाचं वाटतं. ज्या पिस्तुलावर मुलाला स्वतःची चूक कळते, त्या पिस्तुलावर तो शिकतो. दोन दिवसांत तीन-चार गुणांचा फरक पडला तर त्याला काही अर्थ नाही. पण एका पिस्तुलावर ऐंशीपैकी साठ छर्रे बरोबर सांगितले गेले आणि दुसऱ्यावर चाळीस, तर निवड झाली.

छर्रा सुटल्यावर फोरसाईट कशी वागते तेही बघा. स्टेअर एलपी 10 आणि परदिनी के 12 मध्ये धक्का शोषणारी सरकती यंत्रणा आहे, त्यामुळे साईट जागच्या जागी बसते आणि फॉलो थ्रू (छर्रा सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवणं) शिकवायला सोपं जातं.

कोणतं कुणाला

आता कंपनीचं नाव. स्टेअर एलपी 10 आणि त्यानंतरचं इव्हो 10 ही ऑस्ट्रियाची. भारतात ती अनेक रेंजवर दिसतात, म्हणून सुटे भाग आणि जाणकार माणूस दोन्ही भेटायची शक्यता जास्त. बाहेरगावच्या मुलांसाठी मी हा मुद्दा फार मोठा मानतो. स्वित्झर्लंडच्या मोरिनीची ग्रिप अनेकांच्या हातात पहिल्याच दिवशी बसते, आणि ही कंपनी दुसऱ्या पिस्तुलांसाठीही ग्रिप बनवते. इटलीचं परदिनी के 12 संथ आहे, सुटकाही छान. जर्मनीतली दोन, फाइनवेर्कबाऊ पी 8 एक्स आणि वाल्थर एलपी 500, जुळवणीच्या सोयींनी भरलेली आहेत. तांत्रिक डोक्याच्या मुलाला ती आवडतात. पण प्रत्येक स्क्रू फिरवायची सवय असलेल्या मुलाला मी ती देत नाही, कारण तो दर आठवड्याला सेटिंग बदलत बसतो.

यातलं एकही पिस्तूल तुमचे गुण अडवणार नाही. म्हणून शेवटचा निकष जवळपासची दुरुस्ती आणि सुटे भाग हाच ठेवा.

जुनं पिस्तूल घेताना

जुनं मॅच पिस्तूल चांगलं सांभाळलेलं असेल तर उत्तम सौदा असतो. पण माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीसाठी आम्ही जुनं पिस्तूल घेतलं. बॅरल सुंदर, ट्रिगर लोण्यासारखा. राज्य स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने सिलिंडर (दाबाखालची हवा साठवणारी नळी) उलटा केला, त्यावर कोरलेली तारीख वाचली आणि पिस्तूल बाजूला ठेवलं. सिलिंडरची दहा वर्षांची मुदत उलटून गेली होती. मी ती तारीख बघितलीच नव्हती. त्या दिवशी मुलीने उसन्या पिस्तुलावर मॅच मारली आणि तिचे डोळे भरलेले मी पाहिले. तेव्हापासून जुनं पिस्तूल हातात आलं, की मी आधी सिलिंडर बघतो.

तारखेनंतर हवा टिकते का ते बघा. सिलिंडर 200 बारपर्यंत भरून, पिस्तुलाला लावून रात्रभर ठेवा. सकाळी काटा जागेवर हवा. मग लोडिंगचा खटका ढिला आहे का, साईटचे स्क्रू क्लिक देतात का, ग्रिप घासून नियमाबाहेर गेलेली आहे का, आणि पेटीत दुसरा सिलिंडर व हवा भरायचा अडॅप्टर (सिलिंडर टाकीला किंवा पंपाला जोडणारा तुकडा) आहे का. अडॅप्टर कंपनीनुसार वेगळे असतात. तो नसला तर पिस्तूल घरात पडून राहतं.

हवा आणि छर्रे

हवा भरायला स्कूबाची टाकी किंवा हातपंप. पंपाला ओलावा पकडणारा फिल्टर हवाच, विशेषतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या दमट पट्ट्यात. फक्त स्वच्छ कोरडी हवा भरा. गॅसच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही, कुणी कितीही सांगितलं तरी भरू नका. आतल्या ग्रीसशी तो गाठ पडला तर स्फोट होतो.

छर्रे सपाट तोंडाचे, साधारण 0.45 ते 0.53 ग्रॅमचे. आरडब्ल्यूएस आर 10 किंवा एच अँड एन फिनाले मॅच यांचे एक-दोन डबे वेगवेगळ्या हेड मापांचे (छर्र्याच्या डोक्याच्या व्यासाचे) घ्या, पिस्तूल आधारावर ठेवून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे मारा आणि ज्याचं भोक सर्वांत लहान, तोच पुढे वापरा. नवख्याने यावर एका सकाळीपेक्षा जास्त वेळ घालवू नये.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

पहिले दोन आठवडे ग्रिपला कानस लावायची नाही. हात ग्रिपला ओळखत असतो. तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटायची परीक्षा पुन्हा दहा-दहा वेळा, पाच दिवस घ्या. चूक एकाच बाजूला येत राहिली तरच लाकडाला हात लावा. तळव्याला पावडर किंवा थोडा खडू लावून ग्रिप धरली, की कुठे जास्त दाब येतो ते दिसतं. तिथेच बारीक सँडपेपरने अगदी थोडं घासा आणि पुन्हा बघा. कमी पडलं तिथे लाकडाची पुट्टी भरता येते, पण त्या भरावाने मनगटाला आधार मिळता कामा नये.

पावसाळ्यात हे लाकूड फुगतं. आमच्या कोल्हापुरात जुलैत बसलेली ग्रिप डिसेंबरात सैल वाटते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या महिन्याला बदला. सराव झाल्यावर घामाचा हात लागलेले धातूचे भाग कोरड्या कापडाने पुसा. आणि प्रत्येक सेटिंग वहीत लिहून ठेवा: ग्रिपचा कोन, पातीची जागा, दोन्ही टप्प्यांचा दाब, खाचेची रुंदी, जोडलेलं वजन. तळव्याखालच्या फळीच्या जागी लाकडावर पेन्सिलने बारीक रेघ मारा. स्पर्धेच्या सकाळी घाईत स्क्रू ढिला झाला, तर फळी त्या रेघेवर आणून आवळायची आणि लेनवर जायचं.